परसदारची टाकी

नव्या घराची वास्तुशांत झाली, की परसदारच्या मलटाकीवर माती पडते, वर अबोलीची रोपे लागतात आणि घरची मंडळी तिला विसरून जातात. आमच्या गोव्यात गटारयोजना न पोहोचलेल्या वाड्यांवर हा प्रकार घरोघर आढळतो, म्हणून येथे थोडे लिहीत आहोत.

टाकीत जड मळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. मळाचे पचन हवेवाचून जगणारे जंतू करतात. फिनेल, ॲसिड भरमसाट ओतल्यास ते मरतात. जंतूंची पूड मात्र विकत आणू नये. त्यांचा पुरवठा आपण रोज करीतच असतो! तळणीचे तेल, नारळाचा चोथा, चिंध्या व पागोळ्यांचे पाणी तिकडे जाऊ देऊ नये.

तरीही गाळ साठतोच. दोन-तीन वर्षांनी तो उपसला नाही, तर शोषखड्ड्यात शिरून तो तुंबवतो. आपली जांभ्याची जमीन सच्छिद्र. मैलापाणी विहिरीस लागण्याचे भय असते. भारतीय मानकाप्रमाणे विहीर व शोषखड्डा यांत निदान १८ मीटर अंतर हवे. उपसा चैत्र-वैशाखात उरकावा.

तो यंत्राच्या गाडीनेच करावा. माणूस आत उतरवू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. गाळ ढवळताच हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. थोडा असता सडक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला, की नाकाला वासच कळेनासा होतो. माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढण्यास धावलेला दुसराही तसाच जातो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत घातक आहे: हा वायू दिव्याने कळत नाही, उलट टाकीतला मिथेन पेट घेतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणास उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी गाडीचे भाडे वाचवण्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या हे काम ज्यांच्या माथी मारले गेले त्यांच्यातल्याच कोणास बोलावणारी सुशिक्षित घरे आम्ही पाहिली आहेत. याची आम्हांस लाज वाटते.

गाडी येईल तेव्हा मुलांना दूर ठेवावे, जवळ विडी पेटवू देऊ नये, आणि मैला शुद्धीकरण केंद्रावर नेणार की वाटेतल्या ओहोळात ओतणार, हे चालकास आधीच विचारावे.