पगारी वकिलाची कोंडी

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने कंपनीच्या पगारी वकिलाची कैफियत मांडावी, ह्याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमचा आणि त्याचा संबंध टेबलाच्या दोन बाजूंचा. परंतु ह्या बाजूला बसून तीस वर्षे त्याच्याकडे पाहिल्यावर आमचे असे मत झाले आहे की, कारखान्यात कायदा पाळला जातो की नाही, हे पुष्कळदा कोर्टात ठरतच नाही. ते ह्या माणसाच्या टेबलावर ठरते. म्हणून त्याची अडचण ही त्याच्या एकट्याची नव्हे. तिचे परिणाम कामगाराला, गिऱ्हाइकाला आणि कारखान्याशेजारी राहणाऱ्या नागरिकालाही भोगावे लागतात.

आपल्या ओळखीचा वकील म्हणजे काळा कोट आणि पाच-पंचवीस पक्षकार. एक पक्षकार रागावून गेला तर दुसरा येतो. कंपनीच्या कायदा अधिकाऱ्याला पक्षकार एकच, आणि तोच त्याचा अन्नदाता. आमची त्याची गाठ पडली ती कामगार न्यायालयात. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली तेथे समोरच्या पक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी असल्याखेरीज वकिलाला उभे राहता येत नसे. मात्र वकिली न करणारा, कंपनीच्या पगारावरील कायदेतज्ज्ञ अधिकारी उभा राहू शके. सुप्रीम कोर्टाने 1976 साली पारादीप बंदराच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. आम्ही कायदा शिकलो तो कॉलेजात नव्हे, ह्याच न्यायालयांच्या व्हरांड्यात. आणि आमच्या शिक्षकांपैकी काही जण हे समोरच्या बाजूचे अधिकारीच होते.

त्याचे काम काय? कंपनीला लागू असलेला प्रत्येक कायदा पाळला जातो आहे की नाही ते पाहणे, आणि नसल्यास वेळीच हात धरणे. भविष्यनिर्वाह निधी, प्रदूषण, कर, कंत्राटी कामगार, गिऱ्हाइकाची तक्रार, सगळे त्याच्याकडे. कामगाराच्या पगारातून कापलेली निधीची रक्कम न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जोखीम एवढी मोठी, आणि ती ओळखणारा माणूस महिन्याच्या पगारावर!

त्याची पहिली अडचण सनदेची. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी पत्करली की वकिली थांबवावी लागते. हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातील एका कायदा अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2001 साली हीच भूमिका घेतली. म्हणजे शिक्षणाने वकील, कामाने वकील. पण वकिलाच्या अंगावर जे कवच असते ते मात्र नाही.

दुसरी अडचण ह्यातूनच निघते. आपण वकिलाशी जे बोलतो ते गुप्त राहते. आपल्या संमतीवाचून वकिलाला ते उघड करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे संरक्षण होते, आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ते पगारी वकिलाला मिळते काय? 31 ऑक्टोबर 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने उत्तर दिले : नाही. तो न्यायालयात वकिली करीत नाही, म्हणून मालक आणि तो ह्यांच्यातल्या बोलण्याला वकिलाचे हे संरक्षण नाही. कंपनीच्या बाहेरील कायदा सल्लागाराशी त्याचा जो व्यवहार होतो, तेवढ्याला मर्यादित संरक्षण आहे. युरोपच्या न्यायालयानेही 2010 साली अक्झो नोबेल कंपनीच्या खटल्यात, स्पर्धाविषयक चौकशीपुरता, असाच निर्णय दिला. कारण सरळ होते : जो मालकावर अवलंबून आहे, तो बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र नसतो.

हे कारण आम्हांला पटते. पण परिणाम पाहा. आपला कागद उद्या पुरावा होईल हे कळले की माणूस कागद करीत नाही. एका कारखान्यात यंत्रावरचे संरक्षक जाळे काढून काम चालले होते. आम्ही तेथल्या कायदा अधिकाऱ्याला म्हटले, "साहेब, हे धोक्याचे आहे असे वर लेखी कळवा." तो म्हणाला, "तोंडी सांगितले आहे. लेखी दिले तर कागद राहतो, आणि मग मी राहत नाही." माणूस वाईट नव्हता. खाल्ल्या मिठाची आणि शिकल्या कायद्याची अशी त्याच्यात ओढाताण चालली होती.

ही ओढाताण कोठवर जाते ह्याचे जगजाहीर उदाहरण अमेरिकेतील जनरल मोटर्सचे आहे. तिच्या काही मोटारींत किल्लीचा स्विच सैल होता. गुडघा लागला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याचा भार पडला तरी तो फिरे, धावती गाडी बंद पडे, आणि अपघातात जीव वाचविणारी हवेची पिशवी उघडत नसे. इंजिनियरांकडे तक्रारी 2005 पूर्वीच आल्या होत्या. अपघातग्रस्तांचे दावे कायदा विभागाकडे येत होते. ह्या दाव्यांत जबर दंडात्मक भरपाई बसू शकते, असे बाहेरच्या वकिलांनी 2010 पासून बजावले होते. विभागाने दावे एकेक करून मिटविले. दावा मिटे, दोष मात्र रस्त्यावर धावत राही. 2014 च्या फेब्रुवारीत गाड्या परत बोलावण्यास प्रारंभ झाला. त्यांची संख्या सुमारे 26 लाखांवर गेली. भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले.

कंपनीनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाला. सुरक्षिततेच्या बैठकांत काही जण टिपणेच घेत नसत, कारण वकिलांना ती नको आहेत असा त्यांचा समज होता! तशी लेखी आज्ञा कोठेही सापडली नाही. समजानेच काम भागले. मुख्य विधी अधिकाऱ्याने सिनेटपुढे सांगितले की, आपल्याला हे 2014 च्या फेब्रुवारीतच कळले. 15 जणांना नोकरी गमवावी लागली. त्यांत वकीलही होते. 2015 साली कंपनीला सरकारकडे 90 कोटी डॉलर भरावे लागले. तोंडे बंद ठेवून जे वाचविले, त्याच्या कितीतरी पट गेले. आणि माणसे गेली ती गेलीच.

मग उपाय काय? नुसते गुप्ततेचे कवच दिल्याने भागणार नाही. त्या कवचाआड मालकाचे पापही लपेल. आमच्या मते आधी हवे ते स्वातंत्र्य. एन्रॉनच्या घोटाळ्यानंतर अमेरिकेने 2002 साली कायदा केला. त्याप्रमाणे शेअर बाजारातील कंपनीच्या वकिलाला गंभीर कायदेभंगाचा पुरावा दिसला, तर त्याने तो आधी मुख्य विधी अधिकाऱ्यास किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास कळविला पाहिजे. तेथे दाद न लागल्यास संचालकांच्या हिशेब तपासणी समितीकडे गेले पाहिजे. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने, कायदेपालनाची योग्य व्यवस्था केली आहे, असे लिहून देण्याचे बंधन संचालकांवर घातले. कायदे पाळले जातात की नाही हे संचालक मंडळाला कळविण्याचे कर्तव्य कंपनी सचिवाला दिले. ज्याला कायद्याने कर्तव्य दिले, त्याला "मला हे लिहिणे भाग आहे" असे मालकाला सांगता येते. कायदा अधिकाऱ्याला असा आधार नाही.

तो द्यावा, एवढेच आमचे मागणे. धोक्याची सूचना लेखी देणे हे त्याचे कर्तव्य ठरावे. ती थेट संचालक मंडळापुढे जावी. आणि मंडळाच्या ठरावावाचून त्याला काढता येऊ नये. कोणी म्हणेल, संघटनेचा माणूस मालकाच्या वकिलासाठी नोकरीची हमी मागतो आहे. होय, मागतो आहे. एकट्या पडलेल्या पगारदाराला खरे बोलण्याची किंमत नोकरीने मोजावी लागू नये, ह्याचसाठी तर संघटना असते. त्या कायदा अधिकाऱ्याला कागद लिहिता आला असता, तर ते जाळे अपघात होण्याची वाट न पाहता यंत्रावर परत बसले असते.