संगणक उंबरठ्यावरच अडतो तेव्हा

महिन्याची १९ तारीख. पेढी उघडते, दिवाणजी संगणकापुढे बसतात. जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असते. आदल्या रात्री संगणक बंद करताना त्याने ‘अपडेट’ स्वीकारलेले असते. सकाळी पासवर्ड टाकताच पडदा निळा होतो, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते आणि त्याच उंबरठ्यावर येऊन पुन्हा कोसळते. वर्षाची उधारी, मालाचा साठा, देणेकऱ्यांची खाती हे सारे आत, आणि आपण बाहेर!

असा प्रसंग केवळ लहान पेढीवरच येतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने आपल्या प्रणालीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठविली. तिच्यातील दोषामुळे विंडोजवर चालणारे संगणक सुरू होता होताच कोसळू लागले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघालेली ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तरीही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते. आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय मात्र साधा होता: संगणक ‘सेफ मोड’मध्ये उघडणे आणि ती एक फाइल काढून टाकणे. कष्ट होते ते हे काम बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करण्याचे.

या घटनेतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणक कोसळला म्हणजे आतील माहिती नष्ट झाली असे नव्हे. पुष्कळदा तिजोरी शाबूत असते, केवळ कुलूप अडकलेले असते. म्हणून घाबरून यंत्र ‘फॉरमॅट’ करण्याची घाई करू नये. पुढील क्रमाने जावे.

प्रथम पडद्यावर उमटणाऱ्या दोषसंकेताचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. नंतर प्रिंटर, बारकोड स्कॅनर, पेन ड्राइव्ह अशी बाहेरून जोडलेली साधने काढून संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. त्यावर दुसऱ्या कोणाचे खाते असेल तर त्यातून प्रवेश करावा. ते खाते सुरळीत उघडले, तर दोष बहुधा आपल्या खात्यापुरता आहे. नवे खाते उघडून कागदपत्रे तेथे हलविता येतात.

तसे न घडल्यास प्रवेशाच्या पडद्यावरील पॉवरच्या चिन्हातून, शिफ्ट कळ दाबून धरून, ‘रीस्टार्ट’ निवडावे. तो पडदाही येत नसेल, तर सुरू होताना दोन-तीन वेळा खंड पडल्यावर विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा सुरू केल्यावर ४ हा अंक दाबला की सेफ मोड उघडतो. यात संगणक अत्यावश्यक तेवढेच घटक घेऊन चालतो. येथे प्रवेश मिळाला, तर मूळ यंत्रणा बहुधा ठीक असून एखादा ड्रायव्हर, अँटीव्हायरस किंवा आपोआप सुरू होणारा प्रोग्राम दोषी असावा. मात्र शोधास लागण्यापूर्वी हिशेबाची संपूर्ण माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. हे पहिले कर्तव्य.

त्यानंतर नुकताच बसविलेला संशयित प्रोग्राम काढावा. उपयोग न झाल्यास दुरुस्तीच्या त्याच पडद्यावरील ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचे अपडेट मागे घ्यावे. तेही निष्फळ ठरल्यास ‘सिस्टीम रिस्टोअर’ने, आधीची नोंद उपलब्ध असल्यास, यंत्रणा पूर्वस्थितीत नेता येते. ‘रीसेट’ हा अखेरचा मार्ग. त्यात कागदपत्रे राखण्याचा पर्याय निवडला तरी आपण बसविलेले प्रोग्राम जातात. म्हणून हिशेबाची प्रत हाती असल्याखेरीज तिकडे वळू नये.

या वाटेवर एक अडसर संभवतो. ‘बिटलॉकर’ चालू असेल तर संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करणाऱ्यांना ती पुष्कळदा त्याच खात्यात, मोबाइलवरूनही सापडते. ती आजच कागदावर उतरवून दुकानाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी. संकटाच्या दिवशी तिचा शोध घेणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. तसेच अशा वेळी ‘आम्ही दुरुस्त करून देतो’ म्हणून आपण होऊन येणारे फोन व संदेश टाळावेत. वर सांगितलेल्या घटनेनंतरही अशा फसव्या संदेशांचा सुळसुळाट झाला होता.

अपडेट मुळीच घेऊ नये, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. सुरक्षेतील छिद्रे त्यानेच बुजतात. फक्त विवरणपत्राच्या मुदतीच्या दिवसांत ते काही काळ थांबविण्याची सोय विंडोजमध्ये आहे, तिचा लाभ घ्यावा. आणि अपडेटपूर्वी प्रत काढावी.

आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर रोजमेळ वेगळा असे आणि खतावणी वेगळी. खतावणी भिजली तरी रोजमेळावरून ती पुन्हा उभी करता येई. आजच्या संगणकालाही तोच न्याय लावावा. रोज सायंकाळी दुकान बंद करताना हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकाला जोडून न ठेवता घरी न्यावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. कारण उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांचे हे काम घरातील तरुण मुला-मुलींकडे सोपवावे. मग एखाद्या सकाळी संगणक उंबरठ्यावर अडला, तरी पेढीचा व्यवहार अडणार नाही.