रोजच्या वस्तूंची रचना (भाग ६) : साखळी नको म्हणणारा माणूस

मागच्या भागात आपण ऊसतोडीच्या कोयत्याची मूठ पाहिली. ती एकट्याने कुणी आखलेली नाही, लोहारांच्या पिढ्यांनी घडवत आणली. या वेळी नेमकी उलट वस्तू घेऊ. एका माणसाने कागदावर आखलेली आणि आज बारामतीच्या एमआयडीसीत तयार होणारी. पियाजिओ कंपनी तिथे १९९९ पासून ॲपे ही तीनचाकी बनवते आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर. व्हेस्पा लोकांना आवडते ती तिच्या गोलाईमुळे, आणि रचना म्हणजे रूप हा समज इथेच पक्का होतो. माझे म्हणणे असे की ती गोलाई शेवटी आली. आधी आल्या त्या अडचणी.

दुसऱ्या महायुद्धात पियाजिओचा इटलीतल्या पोन्तेदेराचा विमान कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर सामान्य माणसाला परवडेल असे वाहन हवे होते आणि ते काम कोरादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याकडे आले. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीचे वंगण कपड्यांना लागते, बसताना पाय उंच टाकावा लागतो, पंक्चर झाले की चाक काढणे जिकिरीचे. त्याने एकेक तक्रार मुळापासून काढली. इंजिन मागच्या चाकालगत बसवले, म्हणजे साखळीच उरली नाही. गिअर हँडलवर आणला. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, म्हणून ते चटकन सुटते. वेगळा सांगाडा न ठेवता पत्र्यालाच भार पेलायला लावला. १९४६ च्या व्हेस्पाची गोलाई या पत्र्यातून आली. गोल वळवलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो, हे विमान बांधणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे इटलीचे. बारामतीत फक्त जोडणी होते, त्यात आपले काय? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर रस्त्यावर दिसते. आपल्याकडे मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे लागते. मोटरसायकलला त्यासाठी जाळी जोडावी लागते. व्हेस्पाच्या अंगातच ते झाकण आहे. आखणाऱ्याने साडी डोळ्यांपुढे ठेवली नव्हती, कपडे ठेवले होते. अडचण नीट ओळखली की उत्तर दुसऱ्या देशातही लागू पडते. साठच्या दशकात पुण्याच्या बजाज ऑटोने परवान्यावर हीच स्कूटर बनवली आणि मराठी घरांनी ती आपली मानली, यात मला नवल वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो ॲपेचा. १९४८ मध्ये स्कूटरचा पुढचा भाग तसाच ठेवून मागे दोन चाके आणि हौदा जोडला गेला. भार सुमारे २०० किलोचा. पुढे एकच चाक असल्याने गाडी अरुंद बोळात वळते आणि स्वस्त पडते. भिगवणच्या मासळी बाजारात किंवा निमगाव केतकीच्या डाळिंबाच्या क्रेटांसाठी नेमके हेच लागते. पण वळणावर ती चारचाकीइतकी स्थिर नाही आणि हौद्यात किंवा सीटवर जास्त भरले तर धोका वाढतो. दोष चालकाचा, असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. ज्याची कमाई खेपेवर आहे तो जास्त भरणार, हे आखणाऱ्याने आधीच धरायला हवे. हलक्या ओझ्यासाठी योग्य ठरलेली मांडणी डिझेल इंजिन आणि मोठा भार आल्यावर पुन्हा तपासावीच लागते. २०१९ च्या अखेरीस विजेवरची ॲपेही बाजारात आली, तरी तीन चाकांचा प्रश्न तोच आहे.

लोणी काळभोरला डिझाइन शिकवणारी संस्था सोलापूर रस्त्यालगतच आहे. भिगवण आणि इंदापूरही याच रस्त्यावर. या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एखादी सकाळ भिगवणच्या मासळी बाजारात घालवावी. उभ्या ॲपेला चालकाने स्वतः काय काय जोडले आहे, कुठे दोरी बांधली, कुठे फळी ठोकली, कुठे पट्टी वेल्ड केली, याची यादी करावी. कारखान्याने जे आखायचे राहिले, ते त्या यादीत सापडेल.