जीसीएलएम जनुक

जीसीएलएम हे मानवी गुणसूत्र क्रमांक १ च्या लघुभुजेवरील जनुक आहे. ग्लुटामेट-सिस्टीन लायगेज या विकराचा नियामक उपघटक या जनुकाच्या सांकेतिक आज्ञेनुसार तयार होतो. पेशीतील ग्लुटाथायोनची निर्मिती किती वेगाने व्हावी, हे मुख्यतः या विकरावर अवलंबून असते.

ग्लुटाथायोन हे ग्लुटामेट, सिस्टीन व ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांचे संयुग होय. पहिली दोन आम्ले जोडण्याचे काम वरील विकर करते. ग्लायसिन दुसऱ्या विकरामुळे जोडले जाते. प्रत्यक्ष उत्प्रेरणाचे कार्य मात्र गुणसूत्र क्रमांक ६ वरील जीसीएलसी जनुकापासून बनणारा मोठा उपघटक करतो. जीसीएलएमचा लहान उपघटक स्वतः कोणतीही अभिक्रिया घडवीत नाही. तो मोठ्या उपघटकाशी संलग्न झाला म्हणजे ग्लुटामेटचे प्रमाण कमी असतानाही विकर काम करू शकते, आणि तयार झालेल्या ग्लुटाथायोनमुळे त्यावर येणारा अटकाव सौम्य होतो. त्याला केवळ साहाय्यक म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

उंदरांवरील प्रयोगांतून हा फरक स्पष्ट झाला. जीसीएलसी नसलेले भ्रूण जगत नाहीत. जीसीएलएम नसलेले उंदीर जगतात व प्रजननही करतात; परंतु त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत व तांबड्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन सामान्य पातळीच्या अवघे ९ ते १६ टक्के उरते.

मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असूनही विश्रांतीच्या स्थितीत सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्यामुळे तेथे पेरॉक्साइडे व मुक्त मूलके सतत निर्माण होतात आणि त्यांचा निचरा करण्यात ग्लुटाथायोनचा वाटा मोठा असतो. चेतापेशींना त्यासाठी लागणारे सिस्टीन बऱ्याच अंशी शेजारच्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींकडून मिळते. जीसीएलएमविरहित उंदरांच्या मेंदूत पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या, वेगाने स्पंदित होणाऱ्या चेतापेशींना विशेष हानी पोहोचल्याचे दिसले. वाढीच्या काळात एन-ॲसिटिलसिस्टीन दिल्यास ही हानी टळू शकते, असेही या प्रयोगांत आढळले.

२००६ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांच्या गटाने या जनुकाचा छिन्नमनस्कतेशी संबंध असल्याचे मांडले. जपानी लोकसंख्येतील नंतरच्या अभ्यासात तो दिसून आला नाही. त्यामुळे जीसीएलएमला या विकाराचे कारण ठरविणे योग्य नाही. फार तर काही व्यक्तींमधील जोखमीचा एक घटक एवढेच म्हणता येईल. एन-ॲसिटिलसिस्टीनचे उंदरांवरील निष्कर्षही रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.