ताप उतरला, तरी लक्ष ठेवा

साथीच्या दिवसांत घरात कुणी तापाने फणफणलं, की पहिली शंका डेंग्यूची. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास चिकनगुनिया आणि झिकाही पसरवतो. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणकतं. चिकनगुनियात बोटांचे सांधे इतके आखडतात, की सकाळी कपाचा कानही धरवत नाही. झिकाचा ताप सौम्य, पण गर्भाला धोक्याचा. २०२४ मध्ये पुण्यात झिकाच्या बाधितांत गर्भवतीही होत्या. नुसत्या लक्षणांवरून खात्री होत नाही. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, नंतर आयजीएम चाचणी करतात. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरताना असतो. पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसल्यास थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.