शुभेच्छापत्रात हात नेमका कुठे असतो?

क्राफ्ट पंचाच्या खाचेत कागद सरकवायचा, वरची कळ दाबायची, की पाच पाकळ्यांचं नेटकं फूल खाली पडतं. अशी सात-आठ फुलं रंगीत कार्डशीटवर चिकटवून केलेलं शुभेच्छापत्र प्रदर्शनात 'हस्तनिर्मित' अशा पाटीखाली मांडलेलं असलं, की कुणीतरी हमखास विचारतं : कागद गिरणीतला, रंग बाटलीतला, फूलही यंत्रानं कापलेलं, मग यात हाताचं ते काय? प्रश्न रास्त आहे. 'भावना महत्त्वाची' एवढं सांगून त्यातून सुटता येत नाही, कारण दुकानात उभं राहून छापील कार्ड निवडणाऱ्याच्या मनातही भावना असतेच. माझं म्हणणं असं, की शुभेच्छापत्रातला हात कापण्याच्या कृतीत शोधू नये. कागद कोणता घेतला, घडी कुठल्या दिशेनं घातली, आकार कुठे बसवला आणि किती जागा मोकळी सोडली, या निर्णयांत तो असतो. आणि कागदाची, पंचाची, रंगाची नीट ओळख असल्याशिवाय हे निर्णय घेताच येत नाहीत. पंचानं भरगच्च भरलेली अनेक कार्डं फसलेली दिसतात, त्याचं खापर पंचावर फोडलं जातं. खरा दोष बहुधा कागदाकडे लक्ष न दिल्याचा असतो.

इतिहास याच बाजूनं साक्ष देतो. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी काढलेलं कार्ड हे छापून विकलं गेलेलं पहिलं नाताळकार्ड मानलं जातं. इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट १८४० साली सुरू झालं होतं आणि त्या टपालसुधारणेच्या कामात कोल स्वतः होते. सणाच्या पत्रांना एकेक उत्तर लिहीत बसायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॉलकट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं, शिळाछापावर त्याच्या सुमारे हजार प्रती काढल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या. रेषा छापील होत्या, रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हातानं भरलेले होते. आणि कुणाला व कुणाकडून हे लिहिण्यासाठी जागा कोरी सोडली होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरी, एस्थर हाउलंड यांनी व्हॅलेंटाइन कार्डांचा उद्योग उभा केला. इंग्लंडहून आलेलं एक कार्ड पाहून त्यांनी सुरुवात केली आणि कागदी लेसही इंग्लंडहूनच मागवली. ही लेस म्हणजे साच्यात दाबून उठाव आणलेला आणि वर आलेले उंचवटे घासून भोकं पाडलेला कागद. आजच्या बॉर्डर पंचाची पूर्वजच म्हणा. घरातल्याच खोलीत मैत्रिणींना बसवून त्यांनी काम वाटून दिलं होतं : एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं थर रचायचे, तिसरीनं चिकटवायचं. लेस यंत्राची, चित्रं छापील, तरी त्यांची कार्डं वेगळी ओळखू येत. कारण पांढऱ्या लेसखाली रंगीत कागदाचा छोटा तुकडा ठेवायची युक्ती त्यांनी रूढ केली. लेस तीच असते, पण खाली गडद रंग आला की तिची प्रत्येक जाळी दिसू लागते. तो तुकडा ठेवण्याचा निर्णय हाउलंड यांच्या हाताचा.

इतक्या लांब जायचं नसेल तर आपल्या शाळांतलं ठसेकाम पाहावं. भेंडीचा आडवा काप रंगात टेकवून कागदावर दाबला की फूल उमटतं. तो आकार मुलानं काढलेला नसतो, भेंडीनं दिलेला असतो. दारातल्या रांगोळीच्या छापाचंही तेच. तरीही त्या कार्डाला किंवा रांगोळीला कुणी परकं म्हणत नाही, कारण फूल कुठे उमटवायचं, किती उमटवायची, मध्ये कोणता रंग भरायचा हे करणाऱ्यानं ठरवलेलं असतं. यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला हवा : भेंडीचा प्रत्येक ठसा थोडा वेगळा येतो, दाब कमी-जास्त होतो, रंग कुठे दाट तर कुठे विरळ बसतो. पंच मात्र पहिलं आणि हजारावं फूल तंतोतंत सारखं देतो. हा सारखेपणा तसाच कार्डावर उतरला तर काम निर्जीव दिसतं. म्हणून पंच वापरणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते. फूल मऊ रबरावर ठेवून रिकाम्या बॉलपेनच्या टोकानं पाकळ्या दाबल्या की त्या वर उचलल्या जातात. दोन मापांची फुलं एकावर एक थोडी फिरवून बसवली की पाकळ्या दहा होतात. एखादं फूल कडेला अर्धं कापून सोडलं की रांग मोडते. हे सारं पंचानंतरचं काम आहे.

पंच आतून कसा चालतो हे पाहिलं तर त्याच्या मर्यादाही कळतात. खालच्या पोलादी पट्टीत फुलाच्या आकाराचं भोक असतं, वरून त्याच आकाराचा पोलादी ठोकळा त्यात उतरतो. दोहोंमधली फट अत्यंत बारीक असते आणि त्या कडांवर कागद कातरला जातो. साधारण २०० ते २२० जीएसएमपेक्षा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅमपेक्षा) जाड कार्डशीट घातली तर घरगुती पंचाची कळ अडकते. उलट पतंगी कागदासारखा पातळ कागद न कापता त्या फटीत दुमडतो. तो छपाईच्या साध्या कागदावर ठेवून दोन्ही एकदम कापले तर कड स्वच्छ येते. कडेला लव दिसू लागली तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल घडी करून तिच्यावर पंच अनेकदा मारतात, त्यानं कडेची बारीक खर निघते. कळ जड झाली तर मेणकागदावर मारतात. पंच उलटा धरला की खालच्या खिडकीतून कागद दिसतो, त्यामुळे नक्षीचा नेमका कोणता भाग फुलात यावा हे निवडता येतं. जुन्या कॅलेंडरवरच्या आकाशाच्या छटेतून किंवा लग्नपत्रिकेच्या सोनेरी किनारीतून फुलं काढायची तर हे फार उपयोगी पडतं. आणि फूल निघाल्यावर मागे राहिलेलं भोकही टाकून द्यायचं नसतं. त्याच्यामागे वेगळ्या रंगाचा कागद लावला की हाउलंड यांचीच युक्ती झाली.

मात्र या सगळ्याच्या आधी कागद येतो, आणि तिथेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. गिरणीतला कागद धावत्या जाळीवर लगद्याचं पाणी निथळून तयार होतो. जाळी ज्या दिशेनं धावते त्या दिशेला समांतर बहुतेक तंतू पडतात. बाइंडर याला ग्रेन म्हणतात आणि कागद हातात घेतल्याबरोबर तो पाहतात. कार्डशीट न मोडता हलकेच वाकवून पाहावी, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. जिकडे ती सहज वाकते, त्या घडीच्या रेषेला तंतू समांतर असतात. कोपऱ्याचा तुकडा फाडला तर एका बाजूनं सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनं वेडावाकडा. घडी तंतूंच्या दिशेनं घातली तर ती धारदार बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात, वरचा रंगीत थर तडकतो आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. हाताच्या कार्डांवर ही पांढरी रेघ इतकी सर्रास दिसते, की ती अटळच आहे असं लोकांना वाटतं. खरं तर शीट कापण्याआधी ती फिरवून धरली असती तर रेघ आलीच नसती. जाड कागद असेल तर पट्टी लावून रिकाम्या बॉलपेननं आधी खाच ओढायची आणि मगच दुमडायचं. चिकटवल्यावर कार्ड धनुष्यासारखं वाकतं, त्यामागेही तंतूच असतात : पाणी प्यायलेला तंतू लांबीपेक्षा जाडीला जास्त फुगतो, म्हणून पातळ गोंद लावला की कागद आडव्या दिशेनं पसरतो आणि सुकताना आखडतो. दोन थरांचे ग्रेन एका दिशेला ठेवले आणि गोंदाऐवजी दुहेरी चिकटपट्टी वापरली तर कार्ड सपाट राहतं.

हातकागदाची गोष्ट निराळी. जुन्नर आणि दौलताबादेजवळचं कागजीपुरा इथला हातकागद एके काळी मराठी दप्तरांत वापरला जाई. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून काम करते आहे आणि तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यातून कागद होतो. लगद्यात बुडवलेली जाळीची चौकट हातानं उचलून हलवली जाते, म्हणून तंतू चहूकडे पसरतात आणि कागदाला ठळक ग्रेन राहत नाही. तो कसाही दुमडला तरी तडकत नाही. पण त्याच लांब सुती तंतूंमुळे तो घरगुती पंचात नीट कापला जात नाही. कडेला धागे लोंबतात. म्हणून कार्डाचं अंग हातकागदाचं आणि फुलं गुळगुळीत कार्डशीटची, ही जोडी चांगली जमते. हातकागदाची कुरतडल्यासारखी नैसर्गिक कड कात्रीनं सरळ करून टाकू नये.

रंगाबाबतही तोच न्याय. जलरंग पारदर्शक असतो, खालच्या कागदाचा पांढरेपणा त्याला लागतो, म्हणून गडद हातकागदावर तो दिसेनासा होतो. तिथे पोस्टर रंग हवा. जलरंग साध्या १२० जीएसएमच्या कागदावर लावला की कागद लाटांसारखा फुगतो, कारण ओला भाग फुगतो आणि कोरडा तसाच राहतो. त्यासाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्यावा, नाहीतर स्पंजच्या तुकड्यानं जवळजवळ कोरडा रंग टिपत जावा. रंग किती वापरायचे याबाबत माझं मत ठाम आहे : दोन रंग आणि त्यांतल्या एकाची फिकी छटा पुरेशी असते. चकाकी, मोती, रिबन, सोनेरी पेन हे सारं एकाच कार्डावर आलं की डोळा कुठेच ठरत नाही.

आता उरलेले आक्षेप. कुणी म्हणेल, हाताचं कार्ड थोडं ओबडधोबड असण्यातच गंमत आहे, एवढा काटेकोरपणा कशाला? लहान मुलाच्या कार्डाबद्दल हे शंभर टक्के खरं आहे. त्याला कुठलाच निकष लावू नये. मोठ्या माणसाच्या कार्डावरचे गोंदाचे डाग आणि तिरकी घडी मात्र घाई दाखवतात, आणि ती घाई घेणाऱ्याला कळते. दुसरा आक्षेप मोबाइलवरच्या शुभेच्छांचा. त्या तत्काळ पोहोचतात, कागद वाया जात नाही, आणि दूरच्या पन्नास लोकांना सण कळवायचा असेल तर तोच मार्ग चांगला. कार्ड पन्नास लोकांसाठी करायचंच नसतं. ते एका माणसाचा विचार करून करायचं. वयस्क मावशींसाठी असेल तर अक्षर मोठं, शाई काळी, आणि झळकणारा कागद टाळलेला बरा; नुकतंच घर बदललेल्या मित्रासाठी असेल तर त्याच्या नव्या दाराचा रंग कार्डावर आणता येतो. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. पंचांचे संच महाग असतात आणि हौसेनं घेतलेले कपाटात पडून राहतात. त्याला उपाय एकच : एक मध्यम गोल पंच आणि एक साधं फूल किंवा पान, एवढ्यावरच वर्षभर काम करावं. गोलाच्या अर्ध्या घड्या करून फुगा, आकाशकंदील, पणतीची ज्योत असं कितीतरी होतं.

कमी सामान वापरण्याला टपालाचा हिशेबही पाठिंबा देतो. ३०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. एवढ्या जागेत ए४ मापाचे १६ कागद बसतात, म्हणजे एक ए४ पावणेएकोणीस ग्रॅमचा, आणि त्याच्या अर्ध्या भागाचं दुमडलेलं कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत. पाकीट धरून वजन पंधराच्या आसपास जातं. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. कार्डाच्या मापाचा २५० जीएसएमचा एक थर वर चढवला तर आपण आत राहतो, दुसरा चढवला की बाहेर. शिवाय तिकीट पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लागतं आणि शिक्क्याचा ठोका तिथेच बसतो. फोम टेपवर उचललेलं फूल त्या कोपऱ्यात ठेवलं तर ते चपटं होऊनच पोहोचणार.

या सगळ्याची सुरुवात शाळेतच सहज होऊ शकते. कार्यानुभवाच्या तासाला अनेकदा तयार नमुना समोर ठेवून साऱ्या वर्गाकडून त्याच्या नकला करून घेतल्या जातात. त्यात मुलांच्या वाट्याला एकही निर्णय येत नाही. शिक्षकांना विनंती अशी, की पहिल्या तासाला कार्ड करूच नका. मुलांच्या हाती कागदाच्या पट्ट्या द्या. त्यांना त्या वाकवू द्या, फाडू द्या, एका बाजूनं ओल्या करून कुठे वळतात ते पाहू द्या. दुसऱ्या तासाला वर्गात मिळून एक-दोन पंच, दोन रंग आणि प्रत्येकाला एक कोरी कार्डशीट द्या, आणि कार्ड कुणाला पाठवायचं हे आधी ठरवायला सांगा. संक्रांतीला पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून कार्ड पाठवायची पद्धत आपल्याकडे होतीच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातले दोन तास एवढ्या कामाला पुरतात.