विमानतळाजवळचा प्लॉट : उंचीची एनओसी आहे, पण आवाजाचं काय?

बेळगाव : विमानतळ जवळ असणं ही प्लॉट विकणाऱ्यासाठी जमेची बाजू असते. रस्ता चांगला, भाव वाढणार, पुढे हॉटेल-गोदामं येणार. घेणारा एकच शंका काढतो, 'विमानांचा त्रास नाही ना?' त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, 'विमानतळाची एनओसी आहे.' इथेच गफलत होते. ती एनओसी इमारतीच्या उंचीची असते, आवाजाशी तिचा काहीही संबंध नसतो.

सांबऱ्याच्या धावपट्टीला ऐंशी वर्षं उलटून गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये ती झाली. तिथेच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. २०१७ मध्ये धावपट्टी वाढवून नवं टर्मिनल सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. आज इथली वर्दळ पुणे-हैदराबादसारखी नाही, आणि म्हणूनच या विषयावर बोलायची वेळ आत्ता आहे. घरं उभी राहिल्यावर फक्त तक्रारी उरतात.

एनओसी नेमकी कशाची?

केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांनुसार विमानतळाच्या परिसरात किती उंच बांधता येईल यावर मर्यादा आहे. २० किलोमीटरपर्यंतच्या परिघात हा विषय येतो. विमानतळ प्राधिकरणाने त्यासाठी रंगांचे नकाशे केले आहेत. कोणत्या रंगाच्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्था थेट परवानगी देऊ शकते आणि कुठे प्राधिकरणाकडे जावं लागतं, हे त्यावरून कळतं. टाकी, टॉवर किंवा मजला विमानाच्या वाटेत येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

म्हणजे ही एनओसी विमानाचं तुमच्या घरापासून रक्षण करते. तुमचं विमानापासून रक्षण करत नाही. एनए ऑर्डरचंही तसंच. जमीन शेतीतून बिगरशेतीकडे गेली, एवढंच ती सांगते. दोन्ही कागद चोख असले तरी घर आवाजाच्या पट्ट्यात असू शकतं.

आवाज गोल पसरत नाही

विमानतळापासून अमुक किलोमीटर, म्हणून आवाज तमुक, असा हिशेब चालत नाही. आवाजाचा पट्टा धावपट्टीच्या रेषेत लांबट पडतो. धावपट्टीच्या बाजूला दोन किलोमीटरवर असलेलं घर बऱ्यापैकी शांत असू शकतं, आणि तिच्या टोकासमोर चार किलोमीटरवरच्या घरात बोलणं थांबवावं लागतं.

सांबऱ्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं आणि उडतं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात बराचसा पूर्वेकडून. त्यामुळे उड्डाणाची बाजू मोसमाप्रमाणे बदलते. जानेवारीत प्लॉट बघायला गेलात आणि शांत वाटलं, म्हणजे जुलैतही तसंच असेल असं नाही.

सरासरीचा खेळ

सर्वसाधारण ध्वनी नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळांसाठी जून २०१८ मध्ये वेगळे निकष आले. वर्षाला ५० हजारांहून जास्त विमानांची ये-जा असेल तिथे दिवसा ७० आणि रात्री ६५, इतर विमानतळांवर ६५ आणि ६०. कमी वर्दळीचे विमानतळ आणि संरक्षण दलांची विमानं यांतून वगळली आहेत. सांबरा, दाबोळी, पुण्याचं लोहगाव किंवा ग्वाल्हेर, जिथे हवाई दल किंवा नौदल आहे, तिथल्या लोकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी मेख सरासरीत आहे. हे आकडे त्या क्षणाच्या आवाजाचे नसून ठरावीक वेळेच्या सरासरीचे असतात. रात्री दहा ते सकाळी सहा, असे आठ तास धरा. त्यात तीन विमानं घरावरून गेली, प्रत्येकाचा आवाज ८५ डेसिबल आणि तो अर्धा मिनिट टिकला. बाकी रात्र अगदी शांत. हिशेब केला तर आठ तासांची सरासरी येते ६० च्या जवळपास. लहान बाळ तीनदा दचकून उठलं, म्हाताऱ्या माणसाला पुन्हा झोप लागली नाही, पण कागदावर सगळं साठाच्या आत! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीत विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. दोन आकड्यांतलं अंतर केवढं ते बघा.

बाकीच्यांनी काय केलं?

लंडनच्या हीथ्रोला दोन धावपट्ट्या आहेत. तिथे दुपारी तीन वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणजे एका बाजूच्या वस्तीला अर्धा दिवस तरी निवांतपणा मिळतो. सिडनीत १९९५ च्या कायद्याने रात्री अकरा ते सकाळी सहा विमानांवर निर्बंध आहेत. फ्रँकफर्टमध्ये लोक कोर्टात गेले आणि २०११ पासून रात्री अकरा ते पाच उड्डाणं बंद झाली. लॉस एंजेलिसमध्ये तर समुद्रकाठची अख्खी वसाहत विकत घेऊन रिकामी करावी लागली. रस्ते अजून दिसतात, घरं नाहीत.

हे सगळे उपाय घरं झाल्यानंतरचे, म्हणून महागडे. ऑस्ट्रेलियात आवाजाच्या अंदाजाचे नकाशे आधी काढतात आणि कुठे घर चालेल, कुठे जाड काचा-छप्पर लावूनच चालेल, कुठे अजिबात नको, हे नियोजनात धरतात. आपल्याकडे विमानतळच लांब नेण्याचा मार्ग दिसतो. हैदराबादची प्रवासी विमानं २००८ मध्ये बेगमपेटहून शमशाबादला गेली. गोव्यात दाबोळी सुरू ठेवून २०२३ मध्ये मोपा सुरू झालं. पण विमानतळामागून शहर येतंच. आवाजाचा नकाशा केला नाही, तर वीस वर्षांनी तीच तक्रार नव्या गावात.

शेतकऱ्याने का सोसायचं?

'धावपट्टीसमोर घरं नकोत' असं म्हणणं सोपं आहे. पण ती जमीन कुणाची? सांबरा परिसरातल्या शेतकऱ्यांनी विमानतळासाठी आधीच जमिनी दिल्या आहेत. उरलेल्या गुंठ्यांवर उद्या 'निवासी वापर नाही' असा शिक्का पडला, तर लेआउटचा भाव गेला. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण याच गुंठ्यांवर अवलंबून असतं. म्हणून शेतकरी नकाशाला घाबरतो आणि प्लॉट घेणाऱ्याला नकाशा दाखवला जात नाही.

यातून वाट एकच. बंधन घालायचं तर मोबदलाही द्यायचा, आणि चालतील असे वापर खुले ठेवायचे. गोदाम, शीतगृह, वर्कशॉप, भाजीपाल्याची शेती यांना विमानाच्या आवाजाचा फारसा त्रास नाही. शाळा, दवाखाना आणि घर मात्र त्या पट्ट्यात नको. कचरा डेपो आणि कत्तलखानाही नको, कारण पक्षी जमतात. विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात त्यावर आधीपासूनच बंधन आहे.

आपण काय करायचं?

प्लॉट घेणाऱ्याने मोबाइलवरच्या नकाशात धावपट्टीची रेष दोन्ही टोकांनी सरळ पुढे ओढून बघावी. आपला प्लॉट त्या रेषेवर किंवा जवळ असेल तर विमानांच्या वेळा बघून तिथे उभं राहावं, तेही दोन वेगवेगळ्या मोसमांत. कौलं किंवा पत्रे असलेलं घर आवाज फारसा अडवत नाही. स्लॅब आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्यांचा खर्च आधीच धरावा.

गावकऱ्यांनी मास्टर प्लॅनच्या मसुद्यावर लक्ष ठेवावं. मसुदा जाहीर झाला की सूचना-हरकतींना मुदत मिळते, आणि ती संपल्यावर कुणी ऐकत नाही. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर जाणकाराकडून मुदतीच्या आत वाचून घ्यावेत. ग्रामसभेत ठराव करून दोन गोष्टी मागाव्यात : टर्मिनल वाढल्यावरची वर्दळ धरून काढलेला आवाजाचा नकाशा, आणि ज्यांच्या जमिनीवर बंधन येईल त्यांच्या मोबदल्याची स्पष्ट तरतूद. यातली एकच मागून चालणार नाही. पहिली नसेल तर प्लॉट घेणारा फसतो, दुसरी नसेल तर शेतकरी.